ग्रहणात कडूबाईनं पाहिलेला सूर्य

रायचूरकडचा उसाचा फड,
मार्च १९८०

वालूरला माझी माय पारूबाई, तुझ्या पायावर लिंबाजीचं डोकं.

माय, तुझी सून कडूबाई परवा सकाळी सुखरूप बाळंत झाली. पोरगी हाय. तू धरलेला उपास आता सोड.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. ग्रहणाच्या दिवशी तू सांगितल्यापरमानं मी तिला पाचटाच्या कोपीत, दारावर गोधडी टाकून बसवलं होतं. भर दुपारी अंधार पडला, तसा बैल बुजला अन् दावं तोडून पळाला. मी वरडत त्याच्यामागं धावलो. मला काय झालं म्हणून ती घाबरून बाहेर आली.

"आत जा!" मी म्हणलो.

"जाते, पर आधी तुमी वर बघा."

सूर्य काळा ठिक्कर पडला होता. कडेला बारीक लाल रेघ, अन् तिच्याभवती पिंजलेल्या कापसावाणी पांढरा उजेड लांबवर पसरलेला. ग्रहण बघायला दुर्बिणी घेऊन आलेल्या मास्तरांनी मागून सांगितलं, हे सूर्याच्या हवेचे थर हायत. रोजच असतात, पर त्याच्याच झळाळीत दिसत न्हाईत.

तवापासून आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. टोळीतल्या तानुबाईनं बाळंतपण केलं. लेकराचे ओठ, कान, बोटं चाचपून ती म्हणली, "काय बी उणं न्हाई." मी फडात जाऊन लय रडलो.

तुझे गुडघे कसे हायत? शेळी व्याली का?

कडूबाईला रागावू नको. ती आली की जवळ बसव अन् तिनं काय बघितलं ते इचार. मला तिच्यावाणी सांगता येत न्हाई.

तुझा लेक,
लिंबाजी