औंढ्याच्या बाटलीवरची पट्टी

मंगळवार, ता. १५ फेब्रुवारी १९४९ रोजी सकाळी सव्वादहा वाजता, लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात, रज्जाकभाई "मी" म्हणाले आणि मी गप्प राहिलो. तेव्हापासून माझे सगळे बदलले. त्याआधी मी चिडका होतो, प्रेमात पडलेला होतो, कॉलेज अर्धवट सोडलेला होतो. पण भित्रा नव्हतो.

सबब मी, हौशीराम अंबाजी येवले, वय बावीस, धंदा कंपाउंडरी, मूळ राहणार तिकोणा पेठ, हल्ली मुक्काम दवाखान्यामागची खोली, लोणावळा, डोके ठिकाणावर, पोटात दोन भाकरी आणि कुणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र लिहितो. मरायची मला मुळीच घाई नाही. पण आज मी आधी खंडाळ्याच्या डाकबंगल्यावर आणि तिथून औंढ्याला भिमाजींच्या घरी जाणार आहे. भिमाजींनी परवा सगळ्यांदेखत जे जाहीर केले ते पाहता, मागची व्यवस्था लावून निघालेले बरे.

प्रथम हकिगत, म्हणजे वाटणीचा अर्थ लागेल.

औषधाच्या बाटलीवर आम्ही कागदाची एक पट्टी डकवतो. तिला खाचा असतात. दोन खाचांमधले औषध म्हणजे एक डोस. पट्टी कापायची रीत आमचे जुने कंपाउंडर रज्जाकभाई यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली. कागद तीनदा दुमडायचा, कडेला एकदाच कात्री मारायची, उलगडला की आठ सारखे भाग. दोनदाच दुमडला तर चार. म्हणून बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी खाचा मोजायच्या. सव्वीस वर्षांत रज्जाकभाईंनी एकही बाटली न मोजता दिलेली नाही.

शनिवारी भिमाजी पोट साफ होईना म्हणून आले. डॉक्टरांनी आठ डोसांचे मिक्स्चर लिहून दिले. भिमाजी बाहेर बाकावर बसले आणि बाटली न्यायला खिडकीशी त्यांची मुलगी शालू आली. आजीच्या डोळ्यांच्या औषधासाठी ती वर्षभर येते. आजीच्या बाटलीला मी दर वेळी नवे बूच देतो. दवाखान्यात असा नियम नाही.

मी कागद दोनदा दुमडला होता. शालू म्हणाली, "उद्या कामशेतचं पाव्हणं यायचंत. मला बगाया."

मी म्हणालो, "बरं."

"बरं? येवढंच?"

तिसरी घडी तिथे राहिली. कात्री मारली, पट्टी डकवली, बाटली दिली. मोजले नाही.

भिमाजींनी रात्री एक डोस घेतला, पहाटे एक. म्हणजे प्रत्येक वेळी दुप्पट. रविवारी पाहुणे ओट्यावर टेकले आणि भिमाजी टमरेल घेऊन ओढ्याकडे गेले. पोहे आले, ते गेले. मुलीला बाहेर बोलावले, ते गेले. पाचव्या खेपेला पाहुण्यांतल्या एका म्हातारीने "हितं पटकी हाय गं बाई!" अशी आरोळी ठोकली आणि कामशेतकरांनी पोहे टाकून बैल जुंपले.

हे मला सोमवारी कळले. मी हसलो. हेही लेखी देतो.

मंगळवारी मुंबईहून औषध-निरीक्षक आले. नव्या कायद्यानंतरची आमची पहिलीच तपासणी. त्यांनी विषारी औषधांच्या कपाटाचे कुलूप पाहिले, तराजूची वजने पाहिली, क्विनाइनचा नमुना बाटलीत घेऊन लाखेने बंद केला. सगळे चोख. साहेब शेरा लिहायला बसले आणि दारात भिमाजी.

"कुटं हाय त्यो? ही पट्टी ज्यानं कातरली त्यो घावू द्या, उखळात घालून कांडतो त्याला! पोरीचं जमलेलं मोडलं!"

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "लेबलावर आठ डोस, पट्टीवर चार. कोणी कापली?"

रज्जाकभाई मलम घोटत होते. हात न थांबवता म्हणाले, "मी."

भिमाजींचा आवाज एकदम खाली आला. "तुमी व्हय, भाऊ? मंग काय बोलायचं." आणि ते निघून गेले. साहेब मात्र गेले नाहीत. त्यांनी रज्जाकभाईंचे नाव विचारून लिहून घेतले.

आता कंपाउंडरांची नावे सरकारी यादीत चढायची आहेत. रज्जाकभाईंपाशी परीक्षेचा कागद नाही. सव्वीस वर्षांचे काम आणि डॉक्टरांचे पत्र एवढ्यावर त्यांचा अर्ज आहे. त्या अर्जाला हा शेरा जोडला गेला तर त्यांचे नाव चढणार नाही आणि पुढे त्यांना औषधाला हात लावता येणार नाही.

संध्याकाळी मी त्यांच्यावरच ओरडलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"आरं, वरडतो कशाला? तुजं लगीन व्हायचंय. माजं झालंय."

"आणि यादीतलं नाव?"

"सव्वीस वर्सं बिननावाचंच काम केलं की."

हे त्यांनी हसत सांगितले. पण त्यांच्या घरी मदिनाभाभींनी प्रमाणपत्र लावायला भिंतीत खिळा आत्ताच ठोकून ठेवला आहे. बुधवारी मी तिथे जेवलो. समोर तो खिळा. रस्सा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आले, असे मी भाभींना सांगितले.

आता वाटणी.

एक. माझी सायकल धाकटा भाऊ रखमाजी याला. घंटी वाजत नाही, ओरडावे. ओरडणे आमच्या घराण्यात आहेच.

दोन. पोस्टातले पुस्तक आणि लोकरी कोट आईला. कोट तिने आबांना द्यावा, मात्र माझा आहे हे सांगू नये. कॉलेज सोडल्यापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत, पण थंडी त्यांनाही वाजते.

तीन. रसायनशास्त्राची तीन पुस्तके पुण्याच्या कॉलेजातल्या त्या प्रोफेसरांना परत, ज्यांनी भर वर्गात "मावळातल्या हातांना नांगर शोभतो, नळी नव्हे" असे म्हटले होते. मी नळी त्यांच्या हातात देऊन चालता झालो. अडीच वर्षे मला वाटत होते की जिंकलो. पुस्तकांत चिठ्ठी ठेवावी: हात बरे आहेत, घाई वाईट आहे.

चार. औंसाच्या खुणांचा काचेचा ग्लास माझ्या स्वतःच्या पैशाचा आहे. तो माझ्या जागी येणाऱ्या माणसाला. त्याला एवढेच सांगावे की खिडकीशी कोणीही उभे राहो, खाचा मोजाव्यात.

पाच. समोरचे हॉटेलवाले कोंडाजी मला वर्षभर "औंढ्याचे जावई" म्हणून हाक मारतात. हा राग मी सोडून देतो. खरे तर मला राग आलाच नव्हता.

सहा. माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र सागवानी चौकटीत आहे. आतला कागद काढून ट्रंकेत टाकावा आणि चौकट रज्जाकभाईंना द्यावी. खिळा तयार आहेच. माप मी बुधवारी डोळ्यांनी घेतले आहे, बसेल.

सात. शालूला मी काही ठेवत नाही. तिला यातले काही ठाऊक नव्हते, तिने काही सांगितले नाही, सुचवले नाही. "येवढंच?" हा गुन्हा नव्हे. कोणी तिला बोल लावला तर तो खोटा समजावा.

आठ. मुद्दाम केले का, असे साहेबही विचारतील आणि भिमाजीही. नाही. माझ्या मनात कामशेतकरांची गाडी उलटवण्यापर्यंत सगळे येऊन गेले, पण औषधाशी दगा आला नाही. मोजले नाही, ही चूक. गप्प राहिलो, तो दगा. पहिलीबद्दल साहेबांनी जे काय लिहायचे ते माझ्या नावापुढे लिहावे. मी बावीस वर्षांचा आहे, परीक्षा देता येते. दुसऱ्याबद्दल रज्जाकभाईंची माफी मी आल्यावर मागेन. आलो नाही तर हीच समजावी.

नऊ. डाकबंगल्यात उतरलेले साहेब दुपारच्या गाडीने जातात, म्हणून आधी तिथे. मग औंढे. भिमाजींना मी दोन गोष्टी सांगणार आहे. पहिली पट्टीची. तेवढे ऐकून ते उखळाकडे वळले नाहीत, तर दुसरी शालूची. क्रम उलटा करावा असे कोंडाजी सुचवतात. पण चूक कबूल करायच्या आधी मुलगी मागणे, हे पुन्हा न मोजता बाटली देण्यासारखेच झाले.

साक्षीदारांनी कागद ऐकून घेतला. कोंडाजी म्हणाले, "आरं पन मरनार कवा हाईस?"

"दुपारपर्यंत कळेल."

"मंग च्या ठिवू का नगं?"

"ठेवा."

साक्षीदार:
१. कोंडाजी केदारी, हॉटेलवाले (सही)
२. नथू ठाकर, टांगेवाले (डाव्या अंगठ्याची निशाणी. औंढ्यापर्यंत सोडतो म्हणतात, आत येत नाही म्हणतात.)

लिहून देणार: हौशीराम अंबाजी येवले (सही)
मुक्काम लोणावळा, गुरुवार, ता. १७ फेब्रुवारी १९४९, सकाळी साडेआठ.

ता. क. या कागदाला तीन घड्या घातल्या. मोजल्या. तो रज्जाकभाईंच्या खलाखाली ठेवला आहे, किल्ली दाराच्या चौकटीवर आहे. नथूचा घोडा खूर आपटतो आहे. मी निघालो, हे दार ओढून घेतले.