जाळलेली धसकटं

माय, तुह्यावर राग आला म्हणून कागद घेतला. दुसरीतून काढून तूच मले निंदणाले नेलं, तवा अक्षरावरून बोलू नको.

तुही पणती, माही नात, अकोल्याले मातीचं शिकून राहिली. तिच्या कॉम्प्युटरमधी एक वावर आहे. त्यात ती पुढच्या सालांचं ऊन भरते, पाऊस भरते, अन् ते सांगते की ती म्हातारी होईन तवा मातीत कर्ब किती उरन, नत्र किती. नत्र मले समजते, युरियाच्या थैलीवर लिहिलं राहते. कर्ब काय म्हणून विचारलं, तं म्हणे, "आजी, तू दर उन्हाळ्यात जाळते ना, तेच." पण कॉम्प्युटरचं वावर खरं बोलते का, हे पाहाले खरं वावर लागते. म्हणून तिनं आमचं अमरावतीकडचं वावर मागितलं. एक पट्टा नेहमीसारखा साफ करायचा. दुसऱ्यात कापसाची पऱ्हाटी मशीननं बारीक करून तशीच पडू द्यायची, धसकटं उभी, अन् पावसाच्या आधी माती काढून तपासायची. त्यावर तिची डिग्री.

मागच्या उन्हाळ्यात माही जाऊ दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून म्हणाली, "काहो बाई, यंदा मजूर भेटले नाही काय? वावर दाढी वाढल्यासारखं दिसून राहिलं." मी हसली. रात्रभर मात्र तुहाच आवाज कानात, मी परत लहान. उलंगवाडी झाली, कापूस संपला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या, अन् तू माह्या हाती टोपलं देते. मी वाकून वाकून मोडून राहिलेली धसकटं वेचते आहे. एक राहिलं की मागून पाठीत धपाटा. "लोकं म्हणतीन, या घरची बाई मेली का?" सकाळी उठली, दोन बाया घेतल्या, नातीचा तो पट्टा आरशासारखा केला अन् ढीग करून पेटवून देल्ला. घरी येऊन जेवली पण पोटभर.

चार दिवसांनी पोट्टी आली. काळे डाग पाहून धुऱ्यावर बसली.

"आजी, कोणं केलं हे?"

"मी. घाण होती."

"घाण नव्हती ती. माहं काम होतं."

"मंग पाटी लावाची होती."

"लावली होती. ती पण जळली."

मले वाटलं, ओरडन. ओरडली असती तं मी तिच्या बापाले सांगून मोकळी झाली असती. तिनं तिथूनच कॉलेजातल्या सरांले फोन लावला. सर म्हणाले, एक साल गेलं, पुन्हा उलंगवाडीपासून सुरू कर. मी म्हटलं, दाखव तं खरं तुह्या कॉम्प्युटरचं काय ते. तिनं कर्बाच्या दोन रेघा दाखवल्या, एक साफ पट्ट्याची, एक कचऱ्याची. जसं ऊन वाढते तशा दोनी खाली जातात.

"दोनी खालीच जातात, तं भांडण कायचं?"

"एक हळू जाते, आजी. मले तेवढंच दाखवाचं आहे."

मंग मी धसकटापायी डोकं खाजवत बसली, अन् आत्ता समजलं. तवा आपल्या कोणाच्याच पायात काही नसे. धसकट तळपायात घुसलं की माणूस महिनाभर लंगडत राहे. म्हणून वेचत होतो आपण. हे तू कावून सांगितलं नाही? नुसतं घाण, घाण. सांगितलं असतं तं चपला आल्या तवाच मी ते सोडलं असतं. तुले काय, तू धपाटा मारून गेली. इथं पोट्टीचं साल गेलं.

यंदा पुन्हा तो पट्टा तसाच आहे. जाऊ पुन्हा बोलली. मी म्हटलं, "शिकलेल्याचं वावर आहे, तुमाले नाही समजाचं." येत्या आठवड्यात पोट्टी माती काढाले येते.

हे तुले पाठवाचं कुठं, तू गेली त्या गावाले पोस्ट नाही. चुलीतही टाकणार नाही, जाळाचा मले आता वैताग आला. पेटीत लुगड्याखाली राहीन हा कागद. एक सांगून ठेवते. काल त्या पट्ट्यातून येताना हातानं आपोआपच एक धसकट उपटलं. इकडंतिकडं पाहून परत त्याच भोकात खुपसलं, पायानं माती दाबली. पोट्टीले सांगितलं नाही.