सरांचा ‘हां’

गुरुवार, वर्तकनगर

पाठ नुसती पेटलीय. गादीला टेकवत नाही, म्हणून पालथी पडून लिहितेय.

दहा मीटर उंच कट्ट्यावरून तलावात उडी घेत साडेतीन कोलांट्या मारताना मला काहीच दिसत नाही. आभाळ, पाणी, परत आभाळ. गुडघे कधी सोडायचे ते सर खालून ओरडून सांगतात. “हां!” की मी सुटते आणि सरळ पाण्यात. इतकी वर्षं हेच चाललेलं. इथल्या स्पर्धांत चालवून घेतात, पण परदेशातल्या स्पर्धेत मध्येच कोणी ओरडलं तर उडी बाद, शून्य. आणि आम्ही सोमवारी निघतोय. म्हणून सर आज मुद्दाम गप्प राहिले.

मी दर वेळी हवेत त्या ‘हां’ची वाटच बघत बसले. गुडघे उशिरा सुटले आणि पाठ फाडकन पाण्यावर. परत वर, परत तेच.

“सर, एकदाच ओरडा ना,” मी रडत म्हटलं.

“अगं, तिथे कोण ओरडणारे? तुझं तुला कळायला पाहिजे.”

कसं कळणार? हे आत्ता सांगतात? की ते सांगत होते आणि मीच ऐकलं नाही?

आई मघापासून स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर बोलतेय. “हां... हां...” तिच्या प्रत्येक ‘हां’ला माझे पाय आपोआप ताठ होतायत. एरवी हसले असते.

आत्ता तिने फोन ठेवला. घर एकदम गप्प झालंय. मी कधी कुशीवर वळले, गुडघे कधी पोटाशी घेतले, कळलंच नाही. सोडवत नाहीयेत.