बिल्बाओची खोटी बातमी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज इथं परदेशात, टार्निटच्या घरात बसून तुम्हाला लिहितोय. जेवताना टीव्हीवर बिल्बाओचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फुटबॉल संघ दिसला आणि लेकाने विचारलं, "बाबा, हे फक्त त्यांच्याकडचेच प्लेअर्स का घेतात?"

भूगोलाच्या तासाला तुम्ही स्पेनचा नकाशा टांगायचात आणि छडी थेट बिल्बाओवर. लोखंडाच्या खाणी, नदीकाठच्या गोद्या, इंग्रजांबरोबर आलेला फुटबॉल, मग हुकूमशहाने दाबलेली त्यांची भाषा. "तोंडातली भाषा काढून घेतली, पण संघात पोरं आपलीच ठेवली त्यांनी. हाय का छाती कुणाची?" असं म्हणून मागच्या बाकावरच्या आम्हा फुटबॉलवाल्यांकडं बघायचात. कोल्हापुरात तालमीचा संघ म्हणजे पेठेची अब्रू, आणि तुम्ही चालवायचात त्या तालमीच्या संघात पेठेबाहेरचं एकही पोरगं नव्हतं. गोल राखणारा मी तुमचा गोली.

मग मी ॲडलेडला शिकायला आलो. मॉसन लेक्सला एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. एका दुपारी सुपरमार्केटच्या शिफ्टला निघताना तुमचा फोन आला. बाकीचे संघ परदेशातून खेळाडू आणायला लागले होते, आपणही आणूया म्हणून तालमीत भांडण पेटलं होतं आणि संध्याकाळी बैठक होती. "तुझ्या वर्गात बिल्बाओचा पोरगा हाय म्हणालास नव्हं? त्याला इचार, अजून पाळत्यात का ते? बैठकीत मी तेवढंच सांगणार हाय. बाहेरचा तो बाहेरचाच, लेका." मी कुणाला काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी फोन करून ठोकून दिलं, "सोडलं सर त्यांनी. आता कुणालाही घेतात."  तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. बैठकीत तुम्ही तोंड उघडलं नाही आणि महिन्याभरात संघ सोडलात, हे मला नंतर मित्राने सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात युनिच्या कँटीनमध्ये त्या पोराला सहज विचारलं. तो भडकलाच. "नेव्हर, मेट! कधीच सोडणार नाही आम्ही." तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. तुम्ही त्यानंतर दोन वर्षं होतात. दोन्ही दसऱ्यांना फोन केला, सोनं घ्या म्हणालो, इथल्या उन्हाळ्याच्या गप्पा हाणल्या आणि ठेवून दिला. लाज वाटते सर, फार लाज वाटते.

घाईत तोंडातून गेलं, असं बायकोला सांगितलंय. तेही खोटं. त्याच सकाळी युनिच्या फुटबॉल संघाची यादी लागली होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. त्यात तुमचं ते "बाहेरचा तो बाहेरचाच". असं झोंबलं म्हणून सांगू! बिल्बाओनं तरी दार उघडावं असं वाटलं, म्हणून मीच उघडून टाकलं.

हे तालमीच्या पत्त्यावर पाठवलं, तर पोरं तुमच्या फोटोपुढं मोठ्यानं वाचतील. म्हणून पाठवत नाही. आणि लेकाला मी काय उत्तर दिलं, सांगू? "आपल्याला काय माहीत, बाळा. तू जेव."