दोन विहिणींची बोट आणि मोडलेलं बंदर

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. मी इकडे ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. आणि खरं सांगू, मन खुशीत असलं की गुडघाही हल्ली गप्प असतो. तुझा खोकला गेला का? काढे पिताना तोंड वाकडं करू नकोस, लहानपणी करायचीस तसं. मालकांना नमस्कार सांग. अक्षर लावून वाच. शाळेने मला तिसरीतच सोडलं (मी शाळेला सोडलं असं आपले बाबा म्हणायचे), त्यामुळे जोडाक्षर आलं की माझा हात जरा अडखळतो.

तर आता बातमी. आपल्या नातीला नोकरी लागली हे तुला ठाऊकच आहे. पोरीने काय केलं, तर आपल्या दोन्ही आज्ज्यांना, म्हणजे मला आणि माझ्या विहीणबाईंना, बोटीच्या सफरीची तिकिटं काढून दिली. एकच खोली, दोन पलंग, आणि भिंतीला एक गोल खिडकी. क्रूझ म्हणतात तिला. बोटच ती, पण आत लिफ्ट आहे आणि पोहायचा तलावसुद्धा आहे. (चहूकडे एवढं पाणी असताना आत आणखी पाणी कशाला भरतात, हे मी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, तू फक्त मजा कर." म्हणजे तिलाही माहीत नाही.) विहीणबाई ठरल्या दिवशी बॅग घेऊन आमच्याकडे आल्या, आणि त्याच दिवशी ते मेलं चक्रीवादळ नेमकं आमच्या बंदरावर जाऊन आदळलं. आमच्या म्हणजे, मी ते अजून पाहिलेलं नाही, पण तिकिटावर नाव छापून आलं की ते आपलंच.

टीव्हीवर दाखवत होते, पण टीव्हीवाले राईचा पर्वत करतात म्हणून मी आणि विहीणबाई थेट कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस भला आहे, पण सारखा म्हणतो, "आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत." मी म्हटलं, बाबा, दूध उतू जाताना मीही लक्ष ठेवूनच असते, पण गॅस कोणी बंद करायचा? तेव्हा त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवून फोटो दाखवले. धक्क्याचे तुकडे झालेत, माणसं बसायच्या हॉलचं छप्पर उडालंय, आणि एक होडी चक्क रस्त्यावर, एका स्कूटरला खेटून उभी, जशा दोघी भाजी घ्यायला आल्यात आणि गप्पांत रमल्यात. विहीणबाई "अगबाई" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मी मात्र बोट बघितली. बोट धडधाकट होती! वादळाआधीच तिला खोल समुद्रात नेऊन ठेवलं होतं. बोट शाबूत आहे म्हटल्यावर मला घोर कसला? बंदर काय, दुसरं मिळतं.

पण वाट बघणं काही सोपं नाही हो. विहीणबाईंनी बॅग उघडायचीच नाही असं ठरवलं, कपड्यांच्या घड्या मोडतात म्हणून. मग त्या माझे गाऊन घालू लागल्या. त्या माझ्याहून वीतभर उंच, त्यामुळे गाऊन पोटऱ्यांवरच थांबायचा. नातीने मापं विचारून बोटीतली खोली खडूने आमच्या दिवाणखान्यात आखून दिली, आम्हाला सवय व्हावी म्हणून. एवढीशी खोली! दोघींपैकी एक वळली की दुसरीने पलंगावर बसायचं. पहिल्याच दिवशी आम्ही खडूच्या दारात अडकलो. मी म्हणते, "आधी तुम्ही." त्या म्हणतात, "छे छे, आधी तुम्ही, तुम्ही मुलाच्या आई." दार नव्हतंच गं, नुसती रेघ! दोन्ही बाजूंना मोकळी फरशी पडलेली, आणि आम्ही दोघी रेघेपाशी उभ्या. शेवटी नात म्हणाली, "बोट बुडाली तर तुम्ही दोघी 'आधी तुम्ही' म्हणतच खाली जाल."

आणि अगदी तसंच झालं असतं बघ. कंपनीने निरोप पाठवला, की दुसऱ्या बंदरातून जाता येईल, नाहीतर सफर रद्द करा. काय ते संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून सांगा. आता मला तर जायचं होतं. स्वप्नात मी त्या गोल खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायचे. पण विहीणबाई फोटो बघितल्यापासून गप्प. मला वाटलं, बाई घाबरली, पण विहीण पडली, तोंडाने कशी सांगेल? त्या दिवसभर म्हणत राहिल्या, "तुमची मर्जी." मी म्हणत राहिले, "नाही नाही, तुमची." दिवे लागले तेव्हा नातीने फोन लावून मधे ठेवला, आणि मी मन मोठं केलं. म्हटलं, "रद्द करा हो. विहीणबाईंना पाण्याची धास्ती आहे, भिडेपोटी बोलत नाहीत."

"धास्ती? मला?" विहीणबाई ताडकन उठल्या. "मी तुमच्या गुडघ्यापायी गप्प! बोटीचे जिने झेपायचे नाहीत, म्हणून मीच रद्द म्हणणार होते!"

"माझ्या गुडघ्याला मधे आणू नका."

"मग माझी धास्ती तुम्ही कशाला आणलीत? लग्नातही असंच केलंत. मला पुढे बसवलंत आणि स्वतः पंख्याखाली!"

"तो पंखा बंद होता! तुम्हाला उकडू नये म्हणून मी तिथे बसले!"

"तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

इतक्या वर्षांत आमचा आवाज कधी चढला नव्हता. माझा मुलगा आतून बाहेर आला आणि तसाच परत गेला. तेवढ्यात फोनमधून तो कंपनीचा माणूस घाबरत घाबरत म्हणाला, "मग आजी, रद्द करू ना?" आणि आम्ही दोघी एका तोंडाने ओरडलो, "खबरदार!"

झालं. दुसऱ्या बंदरातून जायचं, हे त्या ओरडण्यातच ठरलं. नात हसून हसून जमिनीवर बसली. विहीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, एवढं जायचं होतं तर बोलली का नाहीस?" अगं! मला! मुलाच्या लग्नापासून ती मला "अहो" म्हणत आलेली. (बघ, माझंही "त्या"चं "ती" झालं.) मी म्हटलं, तूच बोलायचं होतंस, उंच तू आहेस. मग आम्ही चहा केला आणि लग्नातले राहिलेले सगळे रुसवे एकेक करून काढले. निम्मे तिचे निघाले, निम्मे माझे, आणि सगळेच्या सगळे एकमेकींची सोय बघण्यातून झालेले. ही नुसती विहीण होती तोवर ठीक होतं. आता मैत्रीण झालीय तर एकदम खादाड, भांडखोर आणि गमतीची निघालीय.

तेव्हा बोट निघणार आणि आम्ही जाणार, यात मला तिळमात्र शंका नाही. तब्येतीला जप.

तुझी,
थोरली

ता. क. नवं बंदर कुठलं ते सांगायचं राहिलंच. तुझ्याच गावचं! तेव्हा बोटीआधी आम्ही दोघी तुझ्याकडे उतरतो. खाटा जवळजवळ लाव, आम्हाला रात्री बोलायचं असतं.

आणखी ता. क. बोट निघणार हे नक्की आहे, फक्त कधी ते नक्की नाही. मोडक्या बंदराच्या सगळ्याच बोटी तुझ्याकडे वळल्यात, त्यामुळे आमचा नंबर आला की कंपनी कळवेल म्हणाली. मालकांना तू "चार दिवस" असं सांग.

शेवटचं ता. क. उत्तर धाडू नकोस, पत्र मिळेल तोवर आम्ही गाडीत बसलेल्या असू. आणि विहिणीला मी सांगितलंय की तूच फोन करून आग्रहाने बोलावलंस. तेव्हा दारात बॅगा बघून "हे काय?" असं तोंड करू नकोस.