मंगळवारची बदली

॥ श्री ॥
ता. २ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलं हे वाचून बरं वाटलं. पण पुढे तीन आठवडे वाकायचं नाही, थेंब दुसऱ्या कुणी घालायचे. मुलगा परदेशी, घरात तू एकटी. मी येणार. देवापुढे बसून ठरवलंय.

अडचण एकच, आमचा सेवा क्लब. आम्ही बाराजण बारा घरांत आठवड्यातून दोन तास आजारी माणसाजवळ बसतो, म्हणजे तेवढा वेळ घरातल्या बाईला बाहेर पडता येतं. माझा मंगळवार, चार ते सहा, घड्याळवाल्यांकडे. ते अंथरुणाला खिळलेत आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, आठवड्यात तेवढीच मोकळीक. त्या कुठे जातात, मी विचारत नाही. परततात तेव्हा चपला धुळीने भरलेल्या असतात आणि चेहरा धुतल्यासारखा.

नियम असा, की क्लब सोडायचा किंवा तीन आठवडे रजा घ्यायची तर बदली म्हणून नवा सभासद आणून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी सभासद गळायला लागले तेव्हा हा नियम मीच सुचवला. मी मॅट्रिक, अक्षर बरं, म्हणून मला चिटणीस केलं होतं. तो लिहून भिंतीवरही मीच लावला. आता शोधते कुणीतरी.

यांचा नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
धाकटी


ता. ७ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र क्लबच्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर. कागद वाचवतेस की मलाच सभासद करतेस? मला धूसर दिसतं, मी आधी अर्जाचीच बाजू वाचली आणि सही कुठे करायची ते शोधत बसले.

लहानपणी तू कोंबड्यांचं खुराडं बांधलंस, आत शिरून दार लावून पाहिलंस आणि कडी बाहेरून पडली, आठवतं? मी अंगणात होते म्हणून सुटलीस. तुझा नियम वाचून तेच आठवलं.

तू लोकांना सगळं खरं सांगत असणार. अगं, आधी आत घे, नियम मागाहून सांग! येता आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? ये. परवा चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि पाहुण्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

तुझी वाट पाहणारी,
ताई


॥ श्री ॥
ता. १२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

सातजणांना विचारून झालं. सगळे विचारतात, किती दिवस? मी सांगते, बदली मिळेपर्यंत. लगेच प्रत्येकाला घरचं काम आठवतं. मागाहून सांगायचं म्हणतेस, ते माझ्याच्याने होणार नाही. संध्याकाळी दिवा मलाच लावायचा असतो.

बँकेतला एक कारकून तयार झाला होता. क्लबातल्याच ग्रंथपालबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं, आपली बदली म्हणून उभा केला आणि सुटल्या. अध्यक्षांनी त्यांच्या निष्ठेवर भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या, पण त्या संध्याकाळी पोथीत लक्ष लागेना.

हे म्हणतात, सरळ निघून जा, क्लब आहे की तुरुंग? पण मी गेले की काकूंचा मंगळवार गेला. आणि ज्यांना मी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवून थांबवलं, त्यांच्या देखत बॅग घेऊन कशी निघू?

ऑपरेशन थोडं पुढे नाही का ढकलता येणार? विचारतानाही लाज वाटते.

धाकटी


ता. १५ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

हे कार्ड शेजारीण लिहून देतेय, म्हणून तुला शिव्या घालता येत नाहीत. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ढकललं तर डोळाच जाईल. बाकी ठीक.

ताई


॥ श्री ॥
ता. १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

बदली मिळाली. घड्याळवाल्या काकूंनीच अर्ज भरून दिला. तुझ्या डोळ्याचं मी त्यांच्यापाशी एकदा बोलले होते, तेवढंच. अध्यक्षांनी नियम वाचला. सभासद नवा हवा, एवढंच त्यात आहे. कुठल्या घरी बसणार, असं कुणीतरी विचारलं. माझ्या जागी, म्हणजे मंगळवारी, घड्याळवाल्यांकडे. कुणी हसलं नाही. बाराचे बारा राहिले म्हणून अध्यक्षांनी सही केली. खाली चिटणीस म्हणून माझी सही.

असं करू नका म्हणून मी खूप विनवलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला बहीण एकच आहे.

काल मंगळवार. हजेरीची वही घेऊन गेले आणि म्हटलं, आज मी आहे, तुम्ही जाऊन या. त्या म्हणाल्या, सवय करायची तर आजपासूनच. चार ते सहा त्या नवऱ्याच्या उशाशी बसून राहिल्या, छातीवर क्लबचा बिल्ला, मांडीवर पर्स, पायांत बाहेर जायच्या चपला. सहाला बिल्ला काढला, सही केली आणि स्वयंपाकाला उठल्या. चपला स्वच्छ होत्या. मी वहीत त्यांच्या नावापुढे ‘वेळेवर हजर’ असं लिहिलं, नेहमीच्या चांगल्या अक्षरात.

चोवीसला पोचते. दारात मला जवळ घे. फक्त, सुटलीस असं म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी