उशाकडची कोरी फळी

भिवंडी, १२ डिसेंबर १९९३

प्रिय नीला,

घराचं दार, आजोबांची आरामखुर्ची, आईचा पाट, पंढरीशेटच्या लूमचे धोटे आणि तुझ्या बाळासाठीचा पाळणा. सगळं याच हातांनी केलं, शिकवायला कोणी नव्हतं. पाळण्याला तर एक खिळासुद्धा नाही. तू लिहिलंस, बाबा, तो आता विकून टाका. पत्र मिळालं त्याच दिवशी आम्ही गोव्याला निघालो. वाटेत तीनदा वाचलं.

संध्याकाळी पणजीहून मांडवीत फिरवणारी बोट होती, आईला तीच हवी होती. त्याआधी दिवसभर जुन्या गोव्यातली चर्चं पाहिली. दारातच मी चपला काढल्या. आई म्हणाली, अहो, इथं चपला चालतात. म्हटलं, मला नाही चालत. आत जमिनीपासून छतापर्यंत कोरीव लाकूड, त्यावर सोन्याचा मुलामा. खांबांवर वेल चढलेले, एका पानाची शीर चुकलेली नाही. खोटं कशाला बोलू, मी चूकच शोधायला गेलो होतो. हात आपोआप जोडले गेले.

तिसऱ्या चर्चमध्ये वेदीच्या कडेला पंखवाल्या पोरांच्या चेहऱ्यांची ओळ होती. आधी वाटलं, सगळे एकसारखेच. जवळ गेलो, तर एकाचा गाल सुजलेला, एकाच्या हनुवटीला खळी, एक नुकतंच रडून थांबलेलं. हे कसले देवदूत गं, त्या कारागिराच्या गल्लीतली पोरं ही! नावं कोणाला ठाऊक नाहीत, पण चेहरे अजून आहेत. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. आई ओरडली, अहो, बोट सुटेल, त्यांना दात येईपर्यंत थांबणार आहात का? आणि बोलून तिने पदराने तोंड झाकलं. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो.

बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा टेम्पोत घालून ठाण्याला तुझ्याकडे निघालो होतो. काल्हेरला तुझ्या दिराने मोटारसायकल आडवी घातली आणि बाळ गेल्याचं सांगितलं. टेम्पो तिथूनच परत फिरवला. उशाकडच्या फळीवर नावासाठी सोडलेली जागा कोरीच राहिली.

मी त्याला एकदाच पाहिलं, इस्पितळात. डाव्या कानाची पाळी वर दुमडलेली, लहानपणी तुझी होती तशीच. काल त्या फळीवर त्याचा चेहरा कोरायला घेतला. कान आधी केला. पाळणा तुझ्या डोळ्यांसमोर आणणार नाही, इथंच राहील. कधी मागितलास तर मी स्वतः घेऊन येईन, नाही मागितलास तरी माझं काही म्हणणं नाही.

आणि हेही तुला कळायला हवं. धक्क्यावर, बोटीच्या रांगेत आईने पाळण्याचा फोटो शेजारच्या बाईंना दाखवला. त्यांचे यजमान हॉटेलवाले. चष्मा लावून त्यांनी फोटो न्याहाळला आणि म्हणाले, मिस्त्री, हा माझ्या हॉटेलच्या दर्शनी भागात शोभेल, निम्मे पैसे आत्ताच घ्या. तुझं पत्र माझ्या खिशातच होतं. मी नाही म्हटलं आणि आईचा हात धरून बोटीत चढलो. पंचवीस हजार देत होते, नीला.

तुझाच,
बाबा